गाडीचा विमा फोनमध्ये असला की कागद लागतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गाडी एमएच १५, म्हणजे नाशिक पासिंगची, घरात नवरा-बायको आणि मुलगा असे तिघे चालवतात, विम्याची पीडीएफ दरवर्षी ईमेलवर येते. ती प्रिंट करून गाडीत ठेवायलाच हवी का, की फोनमध्ये असली तरी चालतं? आणि कंपनी हल्ली कागद पाठवतच नाही, तर मूळ प्रत म्हणायचं कशाला?

रस्त्यावरच्या तपासणीपुरतं बोलायचं तर फोन पुरतो, आणि तो हवालदाराच्या मर्जीवर नाही तर नियमाने पुरतो. पण विमा हवालदाराला दाखवण्यासाठी काढलेला नसतो. अपघात, चोरी, गॅरेजमधला क्लेम, गाडीची विक्री आणि मालकच बोलण्याच्या स्थितीत नसणं, अशा वेळी त्याचा खरा उपयोग होतो. त्या वेळी नेमका कुठला कागद लागतो आणि तो कुणाच्या हाताशी असायला हवा, हे आधी ठरवलेलं नसेल तर फोन असूनही पंचाईत होते. म्हणून दोन्ही ठेवा, पण काय कुठे ठेवायचं ते ठरवून ठेवा.

आधी नियम. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १३९ नोव्हेंबर २०१८ मध्ये बदलला. आरसी, विमा, फिटनेस, परमिट, लायसन्स आणि पीयूसी कागदावर किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, कसंही दाखवता येईल असं त्यात आलं. त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना डिजिलॉकर (कागदपत्रं ठेवायचं सरकारी ॲप) आणि एमपरिवहन (गाडीची नोंद दाखवणारं सरकारी ॲप) मान्य करा असं कळवलं होतं. त्या सूचनेत विम्याबद्दल एक वेगळी ओळ आहे, ती फार थोड्यांना माहीत असते: विमा चालू असल्याचं एमपरिवहनवर किंवा पोलिसांच्या ई-चलान यंत्रावर दिसत असेल, तर विम्याच्या कागदाची गरज नाही. पुढे १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हे आणखी पक्कं केलं. इलेक्ट्रॉनिक पडताळणी झालेल्या कागदाची छापील प्रत मागायची नाही, अगदी कागद जप्त करण्यासारखा गुन्हा असला तरीही. हे नियम केंद्राचे आहेत, त्यामुळे सापुताऱ्यावरून गुजरातेत उतरलात तरी तेच लागू.

आता प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. नाशिकात द्वारका, मुंबई नाका किंवा पाथर्डी फाट्यावर गाडी बाजूला घेतली की हवालदार तुमचा फोन बघण्याआधी स्वतःच्या हातातल्या यंत्रात गाडीचा नंबर टाकतो. त्या यंत्रावर सरकारच्या 'वाहन' या नोंदणी प्रणालीतली माहिती येते: मालकाचं नाव, पीयूसीची मुदत, विमा कंपनी, विम्याची मुदत. विमा कंपन्यांकडची माहिती इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्यूरोमार्फत रोज तिथे चढते. म्हणजे तुमच्या फोनमध्ये काय आहे यापेक्षा 'वाहन'मध्ये तुमच्या नंबरासमोर काय लिहिलंय याला तिथे जास्त वजन आहे. पॉलिसी नवी केली की आठवडाभराने एमपरिवहन उघडून स्वतःचा नंबर टाका आणि विम्याची तारीख बदलली आहे का बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक लोक पीडीएफ आली की विषय संपला असं धरतात.

तारीख जुनीच दिसत असेल तर कारणं साधारण तीन. पहिलं म्हणजे नुसता उशीर. नूतनीकरणानंतर काही दिवस जातात. दुसरं नव्या गाडीचं. शोरूममधून गाडी बाहेर पडताना पॉलिसी निघते तेव्हा पासिंग झालेलं नसतं, म्हणून नोंदणी क्रमांकाच्या रकान्यात 'न्यू' असं छापलेलं असतं. पुढे नंबर मिळतो, पाटी लागते, पण पॉलिसीवर 'न्यू'च राहतं. तिसरं कारण टायपिंगची चूक. नंबरातलं सुरुवातीचं शून्य गळतं, म्हणजे ०१२३ चं १२३ होतं, किंवा चॅसिस नंबरातलं एखादं अक्षर इकडचं तिकडे होतं. चॅसिस नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत. पॉलिसीवर त्यातलं एखादं दिसलं तर ती चूक आहे हे आरसी न बघताही कळतं. इंजिन नंबरही तसाच आरसीशी एकेक अक्षर लावून बघा.

दुरुस्तीसाठी विमा कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर पॉलिसी क्रमांक आणि आरसीच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा आणि 'एन्डॉर्समेंट' मागा. एन्डॉर्समेंट म्हणजे पॉलिसीत बदल केल्याचं वेगळं पान. ते ईमेलवर येतं आणि बहुतेक लोक ते तिथेच सोडून देतात. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट, बँकेच्या कर्जाचा बोजा उतरवणं, पत्त्यातला बदल, हे सगळं अशा पानांवर असतं. क्लेमच्या वेळी नुकसान तपासणारा सर्व्हेअर पॉलिसी आणि एन्डॉर्समेंट एकत्र धरून बघतो. पानं वेगळी पडली तर पॉलिसीत सीएनजी नाही आणि गाडीत टाकी आहे असं चित्र दिसतं.

विमा नसणं आणि विमा दाखवता न येणं यांत कायदा फरक करतो. विमाच नसेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९६ लागतं: पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर दंड चार हजार. कागद नुसता जवळ नसेल तर विषय कलम १७७ चा, म्हणजे पाचशे रुपयांपर्यंत, पुन्हा घडलं तर दीड हजारांपर्यंत. 'वाहन'मधली नोंद चुकलेली असली की खरा विमा असूनही तुमच्यावर पहिलं कलम लागू शकतं. असं चलान आलं तर महाट्रॅफिक ॲपमध्ये तक्रारीची सोय आहे. तिथे चलान क्रमांकासोबत पॉलिसीची पीडीएफ जोडा. पीडीएफवरची विम्याची सुरुवात चलानाच्या तारखेच्या आणि वेळेच्या आधीची असायला हवी, कारण पॉलिसीवर दिवसाबरोबर तासही छापलेला असतो.

आता मूळ प्रत कोणती. कंपनीने ईमेलवर पाठवलेली, डिजिटल सही असलेली पीडीएफ हीच मूळ प्रत. १ एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांनी पॉलिसी इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच द्यायची आणि ग्राहकाने मागितली तर कागदी प्रत द्यायची, असा विमा नियामकाचा दंडक आहे. त्यामुळे 'कंपनीने कागद पाठवला नाही' ही तक्रार उरत नाही. हवा असेल तर मागून घ्या. पीडीएफवर मुद्रांक शुल्क एकत्रित भरल्याची ओळ छापलेली असते, त्यामुळे वेगळा स्टॅम्प नाही म्हणून ती अपुरी ठरत नाही.

या पीडीएफबद्दल दोन गोष्टी नीट समजून घ्या. सहीच्या चौकटीवर पुष्कळदा पिवळं प्रश्नचिन्ह आणि 'वैधता अज्ञात' अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते. लोक घाबरतात, एजंटला खोटी पॉलिसी दिली म्हणून फोन करतात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की तुमच्या संगणकातल्या पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रॅमला भारतीय प्रमाणपत्र देणारी संस्था ओळखीची नाही. संगणकावर ॲक्रोबॅट रीडरमध्ये त्या चौकटीवर क्लिक करून सहीचे तपशील उघडा, सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र बघा आणि त्यातलं नाव विमा कंपनीचंच आहे अशी खात्री झाली की विश्वासार्ह प्रमाणपत्रांच्या यादीत घाला. मग हिरवी खूण येते. खरी चिंतेची गोष्ट म्हणजे सही झाल्यानंतर फाइल बदलली आहे असा इशारा. तो दिसला तर कंपनीला विचारल्याशिवाय राहू नका.

दुसरी गोष्ट: मूळ फाइलला हात लावू नका. पासवर्ड काढण्यासाठी पीडीएफ पुन्हा 'प्रिंट टू पीडीएफ' केली, आकार कमी करणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर टाकली किंवा चार फाइली एकात जोडल्या, की डिजिटल सही निघून जाते. मागे उरतं ते नुसतं चित्र. रोज दाखवायला अशी प्रत बनवायला हरकत नाही, पण ईमेलवरून आलेली फाइल जशीच्या तशी एका जागी जपून ठेवा आणि पासवर्ड कसा बनतो ते घरातल्या दुसऱ्या माणसाला माहीत असू द्या.

डिजिलॉकर का ठेवायचं, तर त्याला कायद्याचा आधार आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या डिजिटल लॉकरविषयीच्या २०१६ च्या नियमांत फेब्रुवारी २०१७ मध्ये नियम ९-अ आला. डिजिलॉकरमधली 'जारी केलेली' कागदपत्रं मूळ कागदाच्या बरोबरीची मानायची, असं तो सांगतो. 'जारी केलेली' हा शब्द इथे कळीचा आहे. डिजिलॉकरमध्ये दोन कप्पे असतात. एकात सरकारी खातं किंवा कंपनी थेट पाठवते ती कागदपत्रं येतात, दुसऱ्यात तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेली. दुसऱ्या कप्प्यातली आरसी म्हणजे गॅलरीतल्या फोटोपेक्षा फार वेगळी नाही. हवालदाराने ती नाकारली तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

डिजिलॉकरमध्ये आधार जोडून प्रवेश केला की शोधात रस्ते वाहतूक मंत्रालय निवडा. आरसीसाठी गाडीचा नंबर आणि चॅसिस नंबर लागतो, लायसन्ससाठी लायसन्स क्रमांक. विम्यासाठी कंपनीचं नाव शोधायचं आणि पॉलिसी क्रमांक घालायचा. काही कंपन्या सोबत आणखी एखादा तपशील विचारतात. अडतं ते नावावर. आधारवर पूर्ण नाव आणि जुन्या आरसीवर आद्याक्षरं, किंवा लग्नानंतर बदललेलं आडनाव, अशी तफावत असली की आरसी खाली उतरत नाही. यावर उपाय आरटीओत नाव दुरुस्त करून घेणं हाच आहे, आणि ते पेठ रोडला एकदा जाऊन उरकलेलं बरं, कारण तीच तफावत क्लेमच्या केवायसीला पुन्हा समोर येते.

नाशिककरांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागते, ती नेटवर्कची. कसारा घाट, त्र्यंबकेश्वरहून मोखाडा-जव्हारकडे जाणारा रस्ता, पेठवरून धरमपूरकडे उतरणारा रस्ता, सापुताऱ्याचा चढ, या पट्ट्यांत रेंज भरवशाची नाही. डिजिलॉकर उघडायला लॉगिन लागतं आणि लॉगिनला नेट लागतं. म्हणून डिजिलॉकरमधली आरसी आणि लायसन्स, आणि कंपनीची विम्याची पीडीएफ, तिन्ही फोनच्या साठवणीत उतरवून ठेवा. गुगल ड्राइव्हवर असतील तर त्या फाइलवर 'ऑफलाइन उपलब्ध' हा पर्याय चालू करा आणि एकदा फोन फ्लाइट मोडवर टाकून फाइल खरंच उघडते का ते बघा. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवलेली फाइल ही साठवण नव्हे. फोन बदलला किंवा मीडिया साफ केला की ती जाते. फाइलचं नावही आकड्यांच्या ढिगाऱ्यासारखं ठेवू नका. गाडी, कागद आणि संपण्याची तारीख एवढं नावात असलं की पुरे: 'स्विफ्ट विमा ऑगस्ट २०२७ पर्यंत'.

आता ज्या एका जागी शिकलेले लोकही फसतात तिकडे येतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या भरपाईचा विमा एकदम घ्यावा लागतो, दुचाकीला पाच वर्षांचा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा भाग मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. समजा गाडी ऑगस्ट २०२४ मध्ये घेतली. थर्ड पार्टी ऑगस्ट २०२७ पर्यंत आणि ओन डॅमेज ऑगस्ट २०२५ पर्यंत. ऑगस्ट २०२५ मध्ये स्वस्त मिळाली म्हणून दुसऱ्या कंपनीची नुसती ओन डॅमेज पॉलिसी घेतली. आता एकाच गाडीला दोन कंपन्यांच्या दोन पॉलिसी चालू आहेत, दोन वेगळ्या मुदतींच्या. मालक काय करतो, तर नवी पीडीएफ आली म्हणून जुनी पुसतो आणि गाडीतला जुना कागद फाडून नवा ठेवतो. ज्या पॉलिसीवर रस्त्यावरच्या जखमी माणसाची भरपाई अवलंबून आहे, नेमकी तीच हातातून जाते.

नुसत्या ओन डॅमेज पॉलिसीवर कायद्याला हवा असलेला विमा नसतो. नाक्यावर ती दाखवली आणि समोरचा जाणकार असला तर थर्ड पार्टी कुठे आहे असं विचारेल, आणि ते विचारणं बरोबर आहे. एरवी ओन डॅमेज पॉलिसीवर थर्ड पार्टी पॉलिसीचा क्रमांक, कंपनी आणि मुदत छापलेली असते. ती बघून जुन्या कंपनीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ पुन्हा काढून घ्या. तीन वर्षं पुरी होईपर्यंत फोनमध्ये आणि गाडीत दोन्ही पॉलिसी हव्यात. दोन्हींच्या प्रिंटवर वर कोपऱ्यात पेनाने 'थर्ड पार्टी, ऑगस्ट २०२७ पर्यंत' आणि 'ओन डॅमेज, ऑगस्ट २०२६ पर्यंत' असं ठळक लिहून ठेवा, म्हणजे मुलगा गाडी घेऊन गेला तरी त्याचा गोंधळ होणार नाही.

फोन माणसाबरोबर फिरतो आणि कागद गाडीबरोबर. एकटाच माणूस गाडी चालवत असेल तर कागदाशिवाय चालून जाईल, पण तुमच्या घरात तिघे चालवतात, शिवाय कधी ड्रायव्हर, कधी सर्व्हिसिंगला गाडी नेणारा गॅरेजचा पोऱ्या. कागदपत्रं दाखवण्याची जबाबदारी चालवणाऱ्यावर आहे आणि तुमचं डिजिलॉकर तुमच्या खिशात. म्हणून गाडीत एक छापील संच हवाच. त्यात विम्याचं प्रमाणपत्र आणि शेड्यूल (पॉलिसीचा तपशील असलेलं पान), एन्डॉर्समेंटचं पान असेल तर ते, आरसीची झेरॉक्स, पीयूसी आणि कंपनीचा क्लेमचा फोन क्रमांक. अटी-शर्तींची ती जाडजूड पुस्तिका गाडीत ठेवायची गरज नाही, ती फोनमध्ये असू द्या.

छपाई लेझरवर करून घ्या. घरच्या इंकजेटची शाई पाण्याचा थेंब पडला की पसरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर डॅशबोर्डच्या कप्प्यात ओल शिरतेच. लेझरच्या प्रिंटचा दुश्मन वेगळा आहे: ऊन आणि स्वस्त प्लॅस्टिक. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. चकचकीत, मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटात लेझर प्रिंट महिनोन्‌महिने दाबून ठेवली की पीव्हीसीतलं मऊ करणारं द्रव्य टोनरला धरतं. मग पान बाहेर ओढलं की अक्षरं पाकिटाला चिकटून राहतात आणि हातात कोरा कागद येतो. पॉलिसी क्रमांक वाचायचा तर पाकीट उलटं धरून उजेडात बघावं लागतं. यावर उपाय साधा आहे. कागदाचं जाड पाकीट वापरा, किंवा दुकानात पॉलिप्रॉपिलीनचं, म्हणजे कडक आणि दुधट रंगाचं फोल्डर मागा. पीयूसीची चिठ्ठी थर्मल कागदावर असली तर ती उन्हाने फिकी पडते, तिची झेरॉक्स करून तीच ठेवा.

गोदाघाटाजवळ, सराफ बाजारात किंवा नदीलगतच्या सोसायटीच्या तळघरात गाडी लागत असेल तर हा संच कधीच एकुलता एक असू नये. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरांत पाणी घाटाच्या कितीतरी वर चढलं होतं. पुरात सापडलेल्या गाडीचा क्लेम करायचा तर कागद त्याच गाडीत भिजलेला, अशी गत नको. आणि पाण्यात राहिलेली गाडी पॉलिसी शोधायला म्हणून चावी फिरवून चालू करू नका. इंजिनात पाणी शिरून होणारं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही, त्याला इंजिन संरक्षणाचं वेगळं जोडकलम लागतं. ते तुमच्या पॉलिसीत आहे की नाही हे शेड्यूलवरच कळतं, एमपरिवहनवर नाही. एमपरिवहन फक्त कंपनी आणि मुदत दाखवतं. झीरो डेप (घसारा न कापण्याचं जोडकलम), आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सूट), नॉमिनी, यातलं काहीच तिथे नसतं.

गाडीत काय ठेवू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. आरसीचं मूळ स्मार्ट कार्ड आणि दुसरी चावी गाडीत ठेवू नका. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी एफआयआर, पोलिसांचा शोध न लागल्याचा अहवाल, दोन्ही चाव्या, मूळ आरसी आणि सह्या केलेले फॉर्म २८, २९, ३० (नाहरकत आणि मालकी बदलाचे आरटीओ फॉर्म) मागते. कर्ज असेल तर बँकेचे कागद वेगळे. आरसी आणि जादा चावी गाडीबरोबरच गेली असेल तर दुय्यम आरसीसाठी आधी आरटीओ, आणि चावी गाडीत का होती याचा खुलासा कंपनीला, अशी दुहेरी धावपळ होते. शिवाय आरसीवर घरचा पत्ता असतो आणि तो चोराच्या हाती जातो. मूळ आरसी घरात ठेवा, गाडीत झेरॉक्स आणि फोनमध्ये डिजिलॉकरची प्रत.

अपघाताच्या वेळी कागदाची किंमत कळते. फोन फुटलेला असतो, सीटखाली गेलेला असतो किंवा चालवणारा दवाखान्यात असतो. कलम १३४ प्रमाणे चालकाने विमा कंपनीला पॉलिसी क्रमांक, तिची मुदत, अपघाताची तारीख, वेळ, जागा आणि जखमींची माहिती लेखी कळवायची असते. महामार्गावर मदतीला थांबलेल्या माणसालाही डॅशबोर्डमधलं पाकीट उघडता येतं, तुमचा फोन उघडता येत नाही. पाकिटाच्या बाहेरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत क्लेमचा टोल फ्री क्रमांक, पॉलिसी क्रमांक आणि घरचा एक मोबाइल लिहून ठेवा. समोरच्या गाडीच्या विम्याचाही तिथल्या तिथे फोटो घ्या. निदान तिच्या नंबरपाटीचा तरी, कारण नंबरावरून विमा कंपनी नंतर शोधता येते.

पोलिसांनी गाडी ताब्यात घेतली तर ती सोडवायला अर्जाबरोबर आरसी, विमा आणि लायसन्सच्या छापील प्रती लागतात. तिथे 'डिजिलॉकरमध्ये आहे' म्हणून भागत नाही, कारण नियम १३९ तपासणीविषयी आहे आणि कोर्टाच्या फाइलला पानंच जोडावी लागतात. प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती काढून स्वतःच्या सहीने साक्षांकित करून न्या. गॅरेजमध्ये कॅशलेस क्लेमसाठी पीडीएफ चालते, पण क्लेम फॉर्मवर सही मात्र बहुतेक ठिकाणी अजून पेनानेच घेतात.

आता जे कुणाला बोलायला आवडत नाही ते. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा तुमच्या पॉलिसीत किंवा वेगळ्या पॉलिसीत असतो. त्यातली रक्कम मिळवायची वेळ येते तेव्हा मालक हयात नसतो. पीडीएफ त्याच्या ईमेलमध्ये, ईमेल त्याच्या फोनमध्ये, फोनला त्याच्या बोटाचं कुलूप. बायकोला नॉमिनी म्हणून तिचं नाव आहे हेच ठाऊक नसतं. म्हणून घरात एक दुसरा छापील संच, ज्यावर 'वैयक्तिक अपघात, १५ लाख, नॉमिनी' या ओळीला अधोरेखित केलेलं आहे, असा कपाटात ठेवा आणि तो कुठे आहे ते सांगून ठेवा. वैयक्तिक अपघाताचा भाग दुसरीकडे आहे म्हणून मोटार पॉलिसीतून तो वगळला असेल, तर त्या दुसऱ्या पॉलिसीची प्रतही त्याच फाइलमध्ये. पॉलिसी बऱ्याच असतील तर ई-इन्शुरन्स खातं उघडा. ते फुकट असतं आणि त्यात अधिकृत प्रतिनिधी नेमता येतो, मालकाच्या पश्चात त्या माणसाला पॉलिसींची यादी बघता येते.

खोट्या पॉलिसीची भीती डिजिटलमध्ये जास्त आहे, कारण गेल्या वर्षीच्या पीडीएफवर तारीख बदलणं सोपं झालं आहे. ओळखीच्या माणसाने अर्ध्या किमतीत काढून दिलेली पॉलिसी कंपनीच्या संकेतस्थळावर पॉलिसी क्रमांक टाकून तपासा, पीडीएफवरचा क्यूआर कोड स्कॅन करा आणि त्यातून उघडणारा पत्ता कंपनीचाच आहे का बघा. पैसे एजंटच्या खात्यात न देता थेट कंपनीला भरा. एमपरिवहन ॲपही प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरूनच घ्या. त्याचं नाव आता नेक्स्टजेन एमपरिवहन आहे. व्हॉट्सॲपवर 'तुमचं चलान थकलं आहे' म्हणून येणारी एपीके फाइल कधीही उघडू नका. ती बँकेचे ओटीपी वाचते.

गाडी विकताना आणखी दोन कागद जपावे लागतात. तुमचा नो क्लेम बोनस तुमचा असतो, गाडीचा नव्हे. विक्रीनंतर कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या, ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीला वापरता येतं. घेणाऱ्याने चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज करायचा असतो. तो करत नाही, नावही बदलून घेत नाही, असं फार होतं. आरटीओच्या नोंदीत नाव तुमचं असेपर्यंत अपघाताची नोटीस तुमच्या दारात येणार, म्हणून फॉर्म २९ आणि ३० च्या सह्या झालेल्या प्रती, ताबा दिल्याची तारीख-वेळ असलेली पावती आणि त्या दिवशी चालू असलेली पॉलिसी, तिन्ही एकत्र ठेवा.

जुन्या पॉलिसी किती वर्षं ठेवायच्या? पीडीएफला जागा लागत नाही, तेव्हा पुसूच नका. अपघात न्यायाधिकरणापुढे प्रश्न असतो तो अपघाताच्या दिवशी कुठली पॉलिसी चालू होती याचा, आज कुठली आहे याचा नव्हे. छापील संचातला मात्र संपलेला कागद नव्या पॉलिसीच्या दिवशीच गाडीतून काढून घरच्या फाइलमध्ये टाका. गाडीच्या कप्प्यात चार वर्षांचे चार कागद एकावर एक असले की घाईत वरचा उचलला जातो, आणि तो बहुधा संपलेला असतो.